उतार कुठून मोजायचा?

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पुण्याच्या टेकड्यांवर घर बांधता येईल की नाही, हे एका गुणोत्तरावर ठरतं. एकास पाच. पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ, म्हणजे साधारण सव्वा अकरा अंशांचा उतार. त्याहून खडी जमीन असेल तर बांधकामाला बंदी. नियम चांगला आहे, करणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण ज्यानं आयुष्यभर मोजणीच शिकवली, त्याच्या मनात हा नियम वाचताना पहिली शंका येते ती अशी, की हा उतार कुठल्या नकाशावरून काढायचा आणि किती अंतरात मोजायचा? आजचं माझं बोलणं या शंकेभोवतीच फिरणार आहे. फार उंच पर्वतांकडे मी जाणार नाही. ज्या डोंगराच्या पायथ्याला आपली सोसायटी किंवा आपली वाडी आहे, तेवढ्याच डोंगराबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे सगळ्यांत सहज मिळणारा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. प्रमाण पन्नास हजारास एक. पुणे शहराचा बराच भाग ४७ एफ/१४ या शीटवर येतो, सिंहगड तिच्या खालच्या ४७ एफ/१५ वर. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. एकास पाच उतारावर वीस मीटर चढायला शंभर मीटर जावं लागतं. हे शंभर मीटर कागदावर किती होतात? दोन मिलिमीटर. तपकिरी रेषा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की घर नाही, लांब असल्या की घर! त्यात रेषेला स्वतःची जाडी असते. ती जाडीच जमिनीवर दहा-बारा मीटर जागा खाते, म्हणजे एक रो-हाउस नुसत्या शाईखाली जातं. आणि दोन रेषांच्या मधल्या वीस मीटर उंचीत सहा मजली इमारत उभी राहिली तरी नकाशाला तिचा पत्ता लागत नाही.

मग नकाशा मोठा करून घेऊ, असं कोणी म्हणतं. पूर्वी झेरॉक्सवाल्याकडे करायचे, आता संगणकावर बोटांनी ताणतात. शीट दहापट मोठी केली की रेषाही दहापट जाड होते आणि जमिनीवर पुन्हा तेवढेच दहा-बारा मीटर खाते. दुधात पाणी घालून दूध वाढवण्यातलाच हा प्रकार. भांडं भरलेलं दिसतं, पण साय तेवढीच. माहिती मोजताना जेवढी गोळा झाली तेवढीच राहते.

टोपोशीट वाईट असते, असं मला म्हणायचं नाही. उलट तिच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. सर्वेक्षण विभाग १७६७ चा. लॅम्बटन या सर्वेक्षकानं मद्रासजवळ १८०२ मध्ये पायारेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांची जी साखळी निघाली, ती पुढे हिमालयापर्यंत पोहोचली. त्या सांगाड्यात तपशील भरणारी माणसं मात्र प्लेन टेबल आणि क्लायनोमीटर घेऊन रानोमाळ हिंडणारी होती. ती मोजक्या बिंदूंची उंची काढत, आणि मधल्या रेषा समोर डोंगर बघत बघत हातानं ओढत. सोंड कुठे वळते, लवण कुठे आत शिरतं, हे त्यांच्या नजरेत पक्कं बसलेलं असे. जुन्या शीटवरची एखादी घळ आज प्रत्यक्ष बघायला जावं, तर ती बरोबर तिथेच सापडते. पण त्यांच्यापुढचं काम वेगळं होतं. फौज कुठून जाईल, रस्ता कुठून न्यावा, जंगल कुठपर्यंत आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. ‘या भिंतीच्या मागचा चढ किती?’ हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. भिंतच नव्हती तिथे.

शीटवरची आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण तिनं पुढे माणसं मेली आहेत. टोपोशीटवर बारमाही पाणी निळ्या रंगात असतं. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेषेनं दाखवतात. सरावाचा डोळा नसला तर ती काळी, नागमोडी रेषा पाऊलवाट वाटते. पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या डोंगरात, अशा काळ्या रेषा पुष्कळ आहेत.

आता सह्याद्रीच्या स्वभावाकडे येऊ. आपला डोंगर बेसाल्टचा, लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराची सपाटी होते, अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा येतो आणि पाणी त्याच्या वरून पाझरत बाहेर पडतं. म्हणून आपल्या डोंगराला पायऱ्या आहेत. ट्रेक करणाऱ्यांना हे सांगायला नको. दम लागतो कड्याला आणि पाणी प्यायला आपण बसतो माचीवर. या पायऱ्यांनीच सरासरी उतार फसवा होतो. समजा, शंभर मीटर लांबीची एक सपाटी आहे, तीत चार मीटरचा चढ. तिच्यामागे सोळा मीटर उंचीचा कडा, आडव्या वीस मीटरात संपणारा. एकूण चढ वीस मीटर, एकूण अंतर एकशेवीस. सरासरी उतार एकास सहा. नियमात बसला! प्रत्यक्षात सपाटी आहे एकास पंचवीस, आणि कडा जवळपास एकोणचाळीस अंशांचा. वीस मीटरच्या समोच्च रेषेला यातली सपाटीही दिसली नाही आणि कडाही दिसला नाही. तिला दिसला तो जागेवर कुठेच नसलेला एक मवाळ उतार. घर बांधणारा अर्थातच सपाटीवर बांधणार, आणि कडा त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागे.

म्हणून वस्तीलगतच्या डोंगराला एक मीटरच्या, फार तर दोन मीटरच्या समोच्च रेषा हव्यात, आणि नकाशाचं प्रमाण हजार-दोन हजारास एक असायला हवं. ही काही चैन नव्हे. धरण बांधताना, बोगदा खणताना आपले अभियंते असेच नकाशे करतात, त्याशिवाय कामाला हातच घालत नाहीत. माणसं राहायला जाणार असली की मात्र पन्नास हजारावर भागतं.

बरं, गावोगावी जो नकाशा खरोखर चालतो तो टोपोशीट नाहीच. तो भूमी अभिलेखचा गावनकाशा. गट नंबर, बांध, पाणंद, गावठाण. तेहेतीस फुटी साखळीनं मोजलेला, गुंठ्यागुंठ्याचा हिशोब ठेवणारा. बांधावरून होणाऱ्या भांडणात त्याचाच शब्द शेवटचा. पण या नकाशावर उंचीच नाही. डोंगर तिथे सपाट आहे. सातबाऱ्यावर फार तर ‘पोटखराबा’ एवढा एक शब्द येतो आणि कड्याचा विषय तिथे संपतो. म्हणजे मालकी सांगणाऱ्या नकाशाला उतार माहीत नाही, आणि उतार सांगणाऱ्या नकाशाला मालकी माहीत नाही. दोघांची कार्यालयं वेगळी, प्रक्षेपणं वेगळी, वयं वेगळी. एकावर दुसरा ठेवला की गटाची हद्द ओढ्यावरून वीस-तीस मीटर सरकलेली दिसते आणि बैठकीतला प्रत्येक जण आपल्या सोयीनं ती ओढतो.

पुण्यात हे सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. शहर साधारण ५६० मीटर उंचीवर, वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. मधल्या उतारांवर गेली कित्येक वर्षं ओढाताण चालू आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांपैकी तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, ज्याला आपण सगळे बीडीपी म्हणतो. त्याला राज्य सरकारची मंजुरी मिळायला २०१५ उजाडलं, आणि मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. क्षेत्र हजार हेक्टरच्या आसपास. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांची बाजू पेपरात रोज येते. तिथे ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे, त्याची बाजू कमी येते. आरक्षणाची रेषा जाड आणि ठोकळ असली तर त्याचा चांगला सपाट तुकडाही आत अडकतो, आणि शेजारचा खडा तुकडा बाहेर राहून त्यावर बंगले होतात. त्या शेतकऱ्याचा संताप मला अगदी रास्त वाटतो. अचूक नकाशा झाला तर टेकडी वाचेल, तसा त्यालाही न्याय मिळेल. टेकडीप्रेमी मित्रांना हे वाक्य आवडत नाही, पण ते बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

डोंगर फोडण्याचं गणित सोपं आहे. एकास पाच उतारावर वीस मीटर रुंदीची सपाट जागा हवी असेल तर मागे चार मीटर उंचीचा कापलेला कडा उभा राहतो. पोकलेनवाला तो दोन दिवसांत उभा करतो. किंवा दोन मीटर कापायचं, निघालेला मुरूम पुढे ढकलायचा आणि दोन मीटर भराव करायचा. भराव बहुधा ओढ्याच्या तोंडावर जातो, कारण खोलगट जागा तीच असते. वीस मीटरच्या रेषांना यातलं काहीच कळत नाही. पुढच्या वर्षी त्या प्लॉटची नवी मोजणी केली तर उतार शून्य येतो. शून्य म्हणजे जागा बांधकामाला मोकळी! नियम नैसर्गिक उतारासाठी आहे असं आपण म्हणतो, पण नैसर्गिक म्हणजे कोणत्या साली होता तो?

म्हणून उताराच्या प्रत्येक आकड्यापुढे तारीख हवी. जुना उतार शोधायची साधनंही आहेत. जुन्या टोपोशीट आहेत, विमानातून काढलेली जुनी छायाचित्रं आहेत. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात जगभर फिल्मवर फोटो काढले; ते १९९५ मध्ये खुले झाले. त्यातल्या पुष्कळ फोटोंच्या जोड्या आहेत, म्हणजे दोन कोनांतून घेतलेले; त्यांवरून उंची काढता येते. हेरगिरीसाठी काढलेला फोटो साठ वर्षांनी एखाद्या प्लॉटच्या वादात पुरावा म्हणून उभा राहू शकतो, हे मला तरी फार गमतीचं वाटतं.

जून २०१३ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर, कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला जे झालं ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. वर डोंगर कापलेला, ओढ्याची वाट भरावानं बुजलेली. मोठा पाऊस आला आणि पाणी थेट महामार्गावर उतरलं. एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. मघाशी सांगितलेली काळी रेषा ती हीच. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं शहराच्या दक्षिण भागात एका रात्रीत काय केलं, तेही आपण पाहिलं. वर कापलेल्या डोंगराचा हिशोब खालच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चुकता होतो.

आता घाटातल्या दरडींकडे. ३० जुलै २०१४, माळीण, आंबेगाव तालुका. सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, आणि बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्यामुळे. १५१ माणसं गेली. पडकईच्या कामांवर, म्हणजे भातखाचरांसाठी यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावर, तेव्हा बोट ठेवलं गेलं. त्यावर वादही झाले. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळीये, ऐंशीहून अधिक मृत्यू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितलं गेलं, की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. लोक चिडले. मी मात्र विचार करत बसलो की ती यादीत आली असती तर कशी आली असती? वाडी होती गडाच्या कड्याखालच्या त्यातल्या त्यात सपाट जागेवर. आपल्या सगळ्या ठाकरवाड्या, धनगरवाडे असेच असतात. माणूस उतारावर घर बांधत नाही, उतारातली सपाटी शोधतो. तिथे पाणी असतं, थोडी माती असते. ती माती आणि ते दगडगोटे बऱ्याचदा पूर्वी वरून खाली आलेले असतात. घराच्या जागेचा उतार मोजला तर तो कमी येणार. भय आहे वरच्या कड्याचं, आणि तो येतो नकाशाच्या दुसऱ्याच चौकोनात. घराखालचा उतार मोजून घराची सुरक्षितता ठरत नाही, ही एवढी साधी गोष्ट एकास पाचच्या नियमात नाही आणि आपल्या सवयीतही नाही.

अल्बर्ट हाइम नावाचा एक स्विस भूवैज्ञानिक होता. १८८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एल्म गावावर डोंगर कोसळला. पाटीच्या दगडाच्या खाणीनं डोंगराचा पाया पोखरला होता. हाइमनं पुढे असे अनेक डोंगर अभ्यासले आणि एक सोपं माप वापरात आणलं. दरड जिथून सुटली त्या माथ्यापासून ती जिथे थांबली त्या टोकापर्यंत सरळ रेषा ओढायची आणि तिचा आडव्याशी होणारा कोन मोजायचा. दरड किती लांब पोहोचू शकते, याचा त्यावरून अंदाज येतो. सुरक्षित कोन अमुकच, असं सगळीकडे लागू होणारं उत्तर नाही. माती, पाणी, दरडीचा आकार यांवर तो बदलतो. पण घराच्या ओट्यावर उभं राहून वर बघायचं आणि कोन मोजायचा, ही दिशा बरोबर आहे. त्यासाठी घर आणि माथा हे दोन्ही एकाच बारीक नकाशावर हवेत.

साधनांची आता वाण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ नंतर देशभर दरडप्रवणतेचे नकाशे हाती घेतले, पन्नास हजारास एक या प्रमाणात. तालुका ओळखायला ते उपयोगी आहेत, वाडी ओळखायला नाहीत. कार्टोसॅट-१ हा आपला उपग्रह २००५ मध्ये गेला, त्याच्या फोटोंच्या जोड्यांवरून केलेलं उंचीचं प्रारूप इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर मिळतं. त्यात साधारण तीस मीटरला एक उंची. मघाचा आडव्या वीस मीटरांत संपणारा कडा दोन आकड्यांच्या मधे सहज निसटतो. ड्रोन पाच-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, पण तो फोटो काढतो, आणि फोटोत जमीन नाही, झाडाचा शेंडा येतो. पुण्याच्या टेकड्यांवर उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, अफाट लावलं आहे. पाच-सहा मीटरची ती झाडी सप्टेंबरात उडवलेल्या ड्रोनला टेकडीच वाटते, आणि जिथे झाडी संपते तिथे नसलेला कडा नकाशात उमटतो. पानगळीत, गवत वाळल्यावर उडवा, किंवा लायडार वापरा. त्याचे लेसर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात आणि परततात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांवरची बंधनं खूप सैल केली. तेव्हापासून परवानगी मिळत नाही हे कारण उरलेलं नाही.

ड्रोनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला गावठाणाची ड्रोननं मोजणी करून पाहिली गेली, आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. पाचशेस एक प्रमाणाचे नकाशे, काही सेंटिमीटरांची अचूकता, प्रत्येक घराला मिळकत पत्रिका. कामाबद्दल मला कौतुकच आहे. पण योजना गावठाणाची, म्हणून नकाशा गावठाणाच्या हद्दीशी थांबतो. घराचा ओटा सेंटिमीटरमध्ये, आणि ओट्यावर झुकलेला डोंगर अजून वीस मीटरच्या रेषेत. पथक आलेलं, यंत्र आलेलं, बॅटऱ्या भरलेल्या. आणखी थोडं उड्डाण डोंगरमाथ्याकडे नेलं असतं तर त्याच दिवशी दुसरा नकाशाही झाला असता.

हाँगकाँगचं उदाहरण थोडक्यात देतो. तिथे १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळून शंभरावर माणसं गेली. १९७६ मध्ये पुन्हा तेच. १९७७ मध्ये फक्त उतारांसाठी एक कार्यालय उघडलं. आज तिथे माणसानं कापलेल्या साठ हजारांच्या आसपास उतारांची नोंद आहे. प्रत्येकाला क्रमांक, आणि देखभाल कोणाकडे ते लिहिलेलं. आपल्याकडे विजेच्या खांबाला नंबर असतो, संरक्षक भिंतीला नसतो. हाँगकाँग श्रीमंत आहे, हे मला माहीत आहे. पण कापलेल्या उतारांची यादी करायला तिजोरी लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि एक मोबाइल पुरतो.

एक अडचण मी झाकून ठेवणार नाही. नकाशा झाला आणि वाडी लाल रंगात आली की पहिली नोटीस वाडीला जाते, वर डोंगर कापणाऱ्याला नाही. लोकांना ही भीती आहे, आणि अनुभवानं आहे. ‘उठा’ म्हणायचं, पण वनखात्याच्या जमिनीतून कुठे जायचं ते सांगायचं नाही. शेत वर आणि घर खाली तालुक्याला, असं पुनर्वसन करायचं. मग लोक मोजणीवाल्याला हाकलतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाकललं असतं. म्हणून मोजणीला जाताना वाडीतली दोन जाणती माणसं बरोबर हवीत. कुठल्या पावसात भेग पडली, कुठला झरा गढूळ आला, कुठे जमीन खचून झाड वाकलं, हे त्यांच्याकडे असतं आणि लायडारकडे नसतं. आणि तयार झालेला नकाशा मराठीत, त्यांच्या नावांसकट, त्यांच्या शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. स्वामित्वच्या नोंदी अद्ययावत करताना डोंगरालगतच्या गावांत मोजणी माथ्यापर्यंत न्यावी. शहरांत टेकडीलगतच्या बांधकाम परवानगीला एक मीटर समोच्च रेषांचा, तारखेचा नकाशा सक्तीचा करावा, आणि तो अर्जदारानं नाही, पालिकेनं करून घ्यावा. दर पाच वर्षांनी पुन्हा. ग्रामसभेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडता येईल असा ठरावाचा एक मसुदा मी लिहून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. पाच वर्षांची मुदत जास्त वाटते की कमी, यावर मोजणी खात्यात काम केलेल्या मंडळींनी इथे बोलावं, अशी माझी विनंती आहे.